अव्वांचा गोल ओव्हन

उदगीर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मंजुश्रीस,
दानम्मावहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तुझे दादा दुकानात, सृष्टी बारा वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागली. पत्र बघून हसशील. पण फोनवर तू ‘हं, हं’ करून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीसाठी माळा आवरताना अव्वांचा गोल ओव्हन सापडला. झाकणाची काच पुसली आणि तू आठवलीस. मी लग्न होऊन आले तेव्हा तू आठवीत होतीस. नानखटाई फुगताना बघायला त्या काचेवर वाकायचीस आणि अव्वा लेकीच्या काळजीनं ओरडायच्या, “अगं पोरी, नाक भाजंल!” घरभर तुपाचा वास. फार गोड दिवस होते गं ते.

सृष्टीला केक करायचाय, म्हणून गुरुलिंग मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तळ उघडला आणि कपाळाला हात लावला. “वहिनी, कॉइलवर हे पांढरं काय हाय? ओव्हनला आंघोळ घालून विभूती लावली का काय कुणी?”

मी हसले. मग हसू येईना.

सृष्टीच्या पाचव्या वाढदिवसाला तू त्यात अंड्याचा केक केलास. तू बाजारात गेलीस तेव्हा, ओव्हन शुद्ध व्हावा म्हणून, मी त्यात विभूतीचं पाणी ओतलं. तांब्याभर. दुसऱ्या दिवशी अव्वांनी बटण दाबलं, ठिणगी उडाली, त्यांना झटका बसला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “अंडं घातलं की आसंच व्हणार!” तू रडत लातूरला सासरी गेलीस. पुढे काही वर्षांनी अव्वा वारल्या तेव्हा आलीस, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाहीस.

चूक माझी होती, मंजू. मला त्याच दिवशी कळलं होतं. तोंड उघडायला सात वर्षं लागली.

मिस्त्रीनं नवी कॉइल बसवली आणि बजावलं, “आधी पिन काढायची, थंड होऊ द्यायचं, फडकं घट्ट पिळून पुसायचं. कॉइलला पाण्याचा थेंब न्हाई लावायचा.” तसंच केलं. खायच्या सोड्यानं आतला काळा थर काढला, दिवसभर वाळवला. आता झाकणात तोंड दिसतंय. पण अजून काही भाजलं नाही. सृष्टी रोज विचारते, मी थांब म्हणते.

भाऊबीजेला ये. पहिला केक तुझ्या हातचा होऊ दे. अंडी मी स्वतः जाऊन आणते.

तुझी चुकलेली वहिनी,
दानम्मा