बोट लागली का?

वेंगुर्ले,
रविवार, वैशाख वद्य (तिथी कुणाला विचारायला तोंड राहिलेलं नाही)

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या चरणी धाकट्या भावाचा, बाबलीचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही जिवंत आहोत, तिकडे तुम्ही सगळी सुखरूप असाल अशी आशा आहे. भाओजींचा खोकला कसा आहे? कमी नसेल तर हे पत्र त्यांना आज दाखवू नकोस. कमी असेल तर वाचून दाखव, पण कंसातलं गाळून. कंसातलं तुझ्या एकटीसाठी आहे.

वर 'वेंगुर्ले' वाचून तुला वाटेल, बाबल्याने घाईत चुकून लिहिलं. चुकून लिहिलेलं नाही, चुकून आलो आहे. जी माणसं आज सकाळी मालवणात तुझ्या पडवीत बसून तुझ्या लेकीला, आपल्या सुनीतीला बघणार होती, ती तिघंही या घटकेला वेंगुर्ल्यात काशीबाईच्या पडवीत बसून ओल्या काजूची उसळ खात आहेत. काशीबाई म्हणजे आपल्या मावशीची नणंद, तुला आठवत असेल.  तू बनवलेल्या खाज्यांचं आणि घावनांच्या पिठाचं काय झालं असेल, हे विचारायचीही मला सोय नाही. (भाओजी सकाळपासून टोपी घालून बंदरावर उभे असतील, त्यांचं तर विचारूच नये.)

अक्का, तू जाणतेस, बोटीच्या बाबतीत मला कुणी शिकवावं असं माणूस या किनाऱ्यावर नाही. मुंबईला नोकरी लागल्यापासून शिमग्याला एकदा आणि मे महिन्यात एकदा, अशी बोट मी कधी चुकवली नाही. म्हणूनच पाहुण्यांना मुंबईहून मालवणला आणायची जोखीम भाओजींनी माझ्यावर टाकली. आप्पा मठकर, त्यांच्या पत्नी माई आणि मुलगा सत्यवान. माणसं मूळची पेंडूरची, पण दोन पिढ्या पुण्यात काढलेली. त्यांनी समुद्र पाहिला तो चौपाटीवर भेळ खाताना. त्यांना मुंबईच्या धक्क्यावर भेटताक्षणी मी सांगून टाकलं की आता मालवण येईपर्यंत स्वतःचं डोकं चालवायचं नाही, मी सांगेन तसं वागायचं. आप्पांनी लगेच मान डोलावली. त्या माणसाने तीस वर्षं हेडमास्तरकी केली आहे, कुणीतरी त्यांना आज्ञा केली याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

मग मी त्यांना बोटीचं शास्त्र सांगितलं. तुला आणि सुनीतीला पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून इथेही सांगतो. पथारी चिमणीजवळ टाकू नये, कोळशाची कणी डोळ्यांत जाते. इंजिनावर टाकू नये, पाठ भाजते. खालच्या डेकवर कठड्याला लागून तर मुळीच टाकू नये, कारण वरच्या डेकवरचा माणूस घरून जे खाऊन निघालेला असतो ते रत्नागिरीच्या आत आपल्या अंगावर येतं. तेव्हा वरच्या डेकचा मधला भाग, तोही पूर्वेकडचा कठडा सोडून. आणि ही जागा विचारून मिळत नाही. माई एका गृहस्थाला "जरा सरकता का?" असं म्हणाल्या, तेव्हा मला घामच फुटला. बोटीवर असं कुणी विचारतं का? तिथे वळकटी बोलते, माणूस बोलत नाही. मी शिडीवरूनच माझी वळकटी नेम धरून वर भिरकावली. ती एका निजलेल्या हवालदारावर पडली. त्याने डोळे न उघडता ती उशाला घेतली, आणि रत्नागिरी येईपर्यंत ती मागण्याची माझी छाती झाली नाही. चौघे मिळून सत्यवानाच्या होल्डॉलवर बसलो.

दुसरी गोष्ट भोंग्याची. प्रत्येक बंदराला बोट उभी राहिली की भोंगा होतो, आणि नवखी माणसं प्रत्येक भोंग्याला ट्रंक उचलून शिडीकडे पळतात. जयगडला माई उठल्या, विजयदुर्गला आप्पा उठले, देवगडला दोघंही उठली आणि आप्पांचा एक जोडा आंब्याच्या पेट्यांमध्ये गेला. तेव्हा मी जरा आवाज चढवूनच सांगितलं की यापुढे भोंगा ऐकून कुणी हलायचं नाही, मी उठा म्हणेन तेव्हाच उठायचं. ही माझी पहिली चूक, असं आप्पा आता म्हणतात. मी म्हणतो शास्त्र बरोबरच होतं.

तिसरी गोष्ट खाण्याची. बोटीत बसण्याआधी पेजेवर राहावं, कनवटीला आवळ्याची सुपारी असावी, पाण्याकडे बघू नये, उताणं पडावं. हे मी सगळ्यांना बजावलं. पण माईंनी पुरणपोळ्या आणल्या होत्या, तुपात भिजवलेल्या. सोयरीक व्हायची आहे, मुलीचा मामा नको म्हणतो हे बरं दिसेल का? मी तीन खाल्ल्या. त्यांनी आणखी वाढल्या, त्याही खाल्ल्या. खाताना मी सांगतच होतो की मला बोट म्हणून कधी लागली नाही, वादळातसुद्धा नाही, आणि ती लागायचीही नाही. (अक्का, देवगड सोडल्यावर दर्या असा काही हलायला लागला की मला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आजाची आठवण झाली, जो होडीत बसायच्या आधी देवाला नारळ द्यायचा. पोळ्या जिथवर गेल्या होत्या तिथून परत निघाल्या. मी तोंडावर टॉवेल घेऊन उताणा पडलो आणि दात आवळून धरले. पुण्याच्या माणसांसमोर मी ओकलो असतो तर कुठल्या तोंडाने बंदरावर उतरलो असतो?)

अशात उजाडलं. भोंगा झाला. खाली उतारूंना होडीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडाववाल्यांचा गलका ऐकू येत होता, पण तो कुठल्याही बंदरात येतोच. आणि माईंनी मला हळूच विचारलं, "बाबलीराव, बोट लागली का हो?"

आता तूच सांग. टॉवेलाखाली पडलेल्या माणसाला कुणी असं विचारलं तर तो काय समजेल? मला वाटलं, बाईंनी माझा रंग ओळखला. माझं पित्त खवळलं. मी टॉवेलाखालूनच ठणकावून सांगितलं, "छे, मुळीच नाही लागली. लागणारही नाही. तुम्ही स्वस्थ पडून राहा." आणि ती माणसं खरंच स्वस्थ पडून राहिली. माई बिचाऱ्या मालवण आलं का म्हणून विचारत होत्या. आपल्या भाषेत बंदराला लागते तीही बोट आणि पोटाला लागते तीही बोट, यात माझा काय दोष? (भाओजी म्हणतील, सगळा तुझाच. म्हणून हा परिच्छेद अख्खा गाळ.)

पुढच्या भोंग्याला मला जरा हुशारी वाटली. मी उठलो, सगळ्यांना उठवलं, ट्रंका शिडीशी नेल्या, आणि पडावात कसं उतरायचं तेही शिकवलं, की लाट पडाव वर आणते तेव्हाच पाय टाकावा, खाली जाताना टाकू नये. माई अगदी छान उतरल्या. अर्धी वाट आल्यावर मी आप्पांना किल्ला दाखवायला हात वर केला, तर किल्ला नाही. पाण्यातला एवढा मोठा किल्ला, कोण उचलून नेणार? मी वल्हेवाल्याला म्हटलं, "किल्लो खंय रे?" तो म्हणाला, "किल्लो मालवणाक. ह्यां वेंगुर्लां."

 आप्पांनी एकच जोडा पायात घालून माझ्याकडे पाहिलं, ते अजून पाहताहेत. माई धक्क्यावर बसल्या आणि म्हणाल्या, यापुढे दोन दिवस हलणाऱ्या कुठल्याही वस्तूत मी बसणार नाही. बोट नाही, पडाव नाही, एसटी नाही, बैलगाडी नाही. मी मिनतवारी केली, कुडाळवरून कट्टा गाव आणि कट्ट्यावरून मालवण, संध्याकाळच्या आत पोचवतो म्हटलं. तर म्हणाल्या, तुम्ही पोचवणार म्हणूनच नको.

नाइलाजाने काशीबाईचं घर गाठलं. तिने तोंड भरून स्वागत केलं, "इलात तां बरां झालां, आता दोन दिस रवा," म्हणाली. मला गहिवरून आलं. पण मग चहा घेऊन तिची मुलगी बाहेर आली. उंच, गोरी, केसांत सुरंगीचा वळेसर. माईंनी नाव विचारलं. अक्का, मुलीने खाली मान घालून सांगितलं, सावित्री. माझ्या हातातली कपबशी निसटली. इकडे मुलगा सत्यवान, तिकडे मुलगी सावित्री, आणि पुढच्या महिन्यात वटपौर्णिमा. माई आप्पांकडे बघून म्हणाल्या, देवाच्या मनात काय असतं बघा, बोटसुद्धा पुढे आणून सोडली. काशीबाईने तेव्हापासून मुलीला तिसऱ्यांदा लुगडं बदलायला लावलं आहे. सुनीतीसारखी मुलगी, तिच्या लग्नाच्या हळकुंडांपर्यंत गोष्ट आलेली, आणि ती माझ्या एका टॉवेलापायी हातची जायची वेळ आली आहे.

तर असं आहे. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. भाओजींस काय लिहावं ते सुचत नाही. लोभ असेल तेवढा तरी शाबूत ठेवावा.

तुझा
बाबली

ता. क. — कट्ट्याचा गंगाराम काजू कारखान्याच्या कामाला इथे आला होता, तो दुपारच्या गाडीने परत निघतोय, मालवणला येऊन तुला देईल म्हणून त्याच्या हाती हे पत्र देतो आहे. खरं काम असं की उद्याच्या पहिल्या गाडीने सुनीतीला घेऊन इकडे नीघ. मुलीकडच्यांनी मुलगी घेऊन परक्याच्या दारात जायची रीत नाही, हे मला कळतं. पण तुम्ही उद्या आला नाहीत तर परवा इथे सुपारी फुटेल. तिला हिरवं पातळ नेसव.

ता. क. दुसरा — थांब, निघू नकोस. गंगाराम जेवतोय तेवढ्यात लिहितो. आत्ता सत्यवानाने मला विहिरीवर गाठलं. मुलगा सबंध बोटीत चार शब्द बोलला नव्हता, मला वाटलं मुका घाबरट आहे. म्हणतो, मी मालवणचा किल्ला पाहिला होता, खलाशाला विचारून खात्रीही केली होती, आणि मुद्दाम गप्प राहिलो. मी कठड्याला धरून उभा राहिलो, म्हणजे विहिरीच्या. म्हणतो, तिथे उतरलो असतो तर खाजी खाऊन तासाभरात सगळं ठरून गेलं असतं. सुनीती कट्ट्याच्या शाळेत शिकवते असं ऐकलं, मुलांना तिचा लळा आहे असंही ऐकलं. ती शाळा सोडून पुण्याला यायला, आणि माझ्याबरोबर यायला, तिचं स्वतःचं मन आहे का, एवढं मला आधी कळायला हवं. असेल तर मी इथून चालत मालवणला येतो. नसेल तर तिला बघायला नेऊन बसवू नका. सावित्रीचं काय, असं मी चाचरत विचारलं, तर म्हणतो, नावं जुळली म्हणून कुणी लग्न करतं का. अक्का, मी सुन्न झालो आहे. सगळी सोयरीक माझ्या हातून गेली होती, त्याचा मला एवढा धक्का बसला नाही. बसला तो मुलीला विचारलं का, या प्रश्नाचा. मी, तू, भाओजी, आपण महिनाभर पत्रिका, हुंडा, मांडव, सगळं बोललो. तिला कुणी काही बोललंच नाही.

ता. क. शेवटचा — हा कंसात समज. तिला आजच विचार, पण स्वयंपाकघरात चार माणसांदेखत नको, आणि भाओजी घरात असताना तर नकोच. ती हो म्हणाली तर हो कळव. नाही म्हणाली तर नाही असंच कळव, रडून तिचं मन वळवू नकोस. इथे कुणाला काय सांगायचं ते मी बघेन, माझी अब्रू तशीही बंदरावरच गेली आहे. तुझ्या लग्नात मी लाडू खात मांडवभर धावत होतो. तुला कुणी विचारलं होतं का, हे मला या विहिरीवर पहिल्यांदा मनात आलं. विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते मात्र मला कळवू नकोस. भाओजींबरोबर मला अजून पत्ते खेळायचे आहेत.