तुटक हवी होती ती रेघ

प्रिय चिमणे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेची नवी इमारत, टेकडीच्या पायथ्याशी, आणि सोमवारी पाया खणायला सुरुवात. मुख्याध्यापिका झाल्यापासून या जागेसाठी तू किती खेटे घातलेस, ते मला ठाऊक आहे. "बाबा, तुमच्या नकाशात तिथे सलग खडक आहे, म्हणून समितीने डोळे झाकून होकार दिला," असं तू लिहिलंयस. म्हणजे माझ्या एका रेघेवर आता तीनशे पोरं बसणार. तेव्हापासून चहासुद्धा गोड लागत नाही बघ.

हल्ली दुपारी आरामखुर्चीत डोळा लागतो आणि मी पुन्हा त्या टेकड्यांवर चालू लागतो. खांद्याला झोळी, हातात हातोडी, अंगात वजनच नसल्यासारखं. नदीपलीकडून जाड्या येताना दिसतो. तो पलीकडच्या सरकारी भूगर्भ कचेरीतला, मी अलीकडच्या. खडकांचे नकाशे दोन, पण डोंगराला कुठे कळतंय कचेरी कोणाची? म्हणून दोघांच्या रेघा कागदाच्या काठावर जुळल्याच पाहिजेत, असा नेम होता. नाही जुळल्या की दोघांनी मिळून पुन्हा जायचं, भांडायचं आणि एकाच डब्यातलं जेवायचं. स्वप्नात तो नुसती पेन्सिल पुढे करतो.

तुझी आई म्हणायची, या माणसाला बायकोपेक्षा दगड प्यारे. लोकही हसायचे, सरकार दगड बघायला पगार देतं म्हणून. पण विहीर खणणारा असो की पूल बांधणारा, कोणीही यावं आणि नकाशा फुकट बघावा. ज्यांची तोंडंही आपण बघणार नाही त्यांच्यासाठी उन्हातान्हात चालायचं, याचं मला फार सुख होतं. फक्त एक पथ्य होतं. पायाने चाललेली, डोळ्याने पाहिलेली खडकाची हद्द अखंड रेघेने काढायची. अंदाजाची असेल तर तुटक. माझी अखंड रेघ दिसली की जाड्या ती तपासत नसे, तिथूनच आपली पुढे नेई.

तू जन्मलीस त्या दिवशी मी त्याच टेकडीवर होतो. तुझ्या आईचा जीव धोक्यात आहे, असा निरोप आला. पायथ्याकडचा शेवटचा उतार चालायचा राहिला होता. मी तिथेच बसून रेघ ओढली, अखंड ओढली, आणि धावत सुटलो. तुला हातात घेतलं आणि सगळं विसरलो. पुढे आठवलं तेव्हा लाज आड आली, ती अडतीस वर्षं. तिथे सलग खडक आहे की वरून घसरून आलेली दगडमाती, मला खरंच माहीत नाही, पोरी. आज सकाळी दोन्ही कचेऱ्यांना सहीनिशी तसं कळवलंय; त्यांची माणसं एकत्र येऊन जमीन तपासतील. समितीपुढे तुझी मान खाली जाईल, हे कळतंय मला. खुशाल माझं नाव सांग, हे पत्र वाचून दाखव. पण सोमवारी तिथे कुदळ मारू देऊ नकोस.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा