बांधाला खांड

२ ऑगस्ट २००७, गुरुवार

वही घेऊन महिना होत आला. धामणकर नाक्यावर घेतली, शेअर रिक्षा भरेपर्यंत वेळ होता म्हणून. तेव्हापासून आज लिहू, उद्या लिहू. आज पाऊस उघडला तर चिंबोऱ्या धरायला जाणार होतो, पण जाळं उंदराने खाल्लं. म्हणून लिहायला बसलो. दुसरं काही कारण नाही.

घरी येऊनही महिना झाला. लूमवरची नाइट शिफ्ट सोडली, मग पूर्णा गावात गोडाऊनमध्ये माल चढवायचं सोडलं, मग पडघ्याचा ढाबा. तिथून एका ट्रकवाल्याबरोबर इंदूरला निघणार होतो. आईचा निरोप आला, बाबाचे गुडघे धरलेत, लावणीपुरता ये. लावणी झाली. मी इथेच.

घरात जमीन पाझरतेय. चुलीशेजारी बोट दाबलं की पाणी वर. विहिरीला दोर लागत नाही, वाकून कळशी बुडते. आई म्हणते पूर्वीही भरायची, पण उघडीप मिळाली की उतरायची. आता उतरत नाही. उतरून जाणार कुठे?

६ ऑगस्ट, सोम.

बाबाबरोबर उघाडीवर गेलो. बांधातलं ते लाकडी दार. भरतीच्या आधी फळ्या घालायच्या, ओहोट लागली की काढायच्या. खाडीचं खारं आत नको, पावसाचं आतलं बाहेर जाऊ दे. बाबाचा बापही हेच करायचा. आता आत शेत उरलंय एक, आमचं. बाकी सगळ्यांची खाचरं गोडाऊनखाली गेली. तरी बाबा जातो. गुडघा धरून, काठी टेकत. वाटेत पन्नास वेळा थांबतो आणि दर वेळी म्हणतो, तंबाकू खायला थांबलो.

आज भांग, म्हणजे भरतीला जोर नाही, खाडी सुस्त. फळीवर एक खंड्या बसला होता. त्याच्याकडे बघत बसलो आणि फळी उलटी घातली. बाबाने काढून नीट घातली.

उघाडीला येणारा नाला दादाने भरला. माझा मोठा भाऊ. स्वतःचा हिस्सा विकून डंपर घेतले, आता भरावाची कामं घेतो. नाल्याच्या जागी एक पाइप ठेवलाय, त्यावर गोडाऊनची भिंत. भिंत आणि बांध यांच्यामध्ये आमचं शेत आणि कातकरवाडी. पाऊस पडला की गोडाऊनच्या आवाराचं सगळं पाणी इकडे.

तीन वर्षं बाबा दादाचं नाव घेत नाही. ‘तो मातीवाला’ म्हणतो. दादा धामणकर नाक्याजवळ फ्लॅटमध्ये राहतो.

१२ ऑगस्ट, रवि. अमावस्या

उधाण. बांधाच्या कडेपर्यंत पाणी. कामवारी नदीचं पाणी आज जांभळं होतं, वर कुठल्यातरी डाइंगवाल्याने सोडलं असेल. छान दिसत होतं, हे लिहायला नको, पण दिसत होतं.

दादाचा निरोप घेऊन गावातला एकजण आला. म्हणे, शेत भरून टाकायला बाबाला सांग, खाडीच्या तोंडाशी भात किती दिवस राखणार. बाबाने त्याला चहा पाजला. तो गेल्यावर कप स्वतः विसळला, दोनदा.

१३ ऑगस्ट, सोम.

वाडीत लख्याकाकाकडे. त्याची अर्धी बाजू गेलीय, जीभ शाबूत. बाबा आणि तो पोरवयापासून बांधावर एकत्र. बांध फुटून भगदाड पडलं, खांड पडली, की दोघं सगळ्यात आधी पाण्यात. लख्याकाकाची स्वतःची एक गुंठा जमीन नव्हती कधी.

त्याच्या झोपडीतही खालून पाणी. सुनेने, सोमीने, खाट भट्टीच्या विटांवर चढवलीय. मी म्हटलं, काका उंच झालास.

म्हणाला, “जनमभर म्या विटा उचलल्या. आता विटांनी मना उचललाय.”

मग विचारलं, इंदूरला समुद्र हाय का. नाही म्हटलं. म्हणाला, मंग तिकडं कशाला जातस?

१९ ऑगस्ट, रवि.

काही नाही. पडघ्याला गेलो, ट्रकवाला भेटला नाही. दुसऱ्याच एकाशी टायरवर बोलत बसलो, येताना शेवटची बस चुकली. चालत. आईने ताट झाकून ठेवलं होतं. भात आमच्या शेताचा, जुना. याला वेगळीच चव असते. खारटपणा नाही, पण

२८ ऑगस्ट, मंगळ. नारळी पुनव

बाकीचे लोक नारळ घेऊन वाजतगाजत जेट्टीवर. बाबा एकटा उघाडीवर. त्याच्या बापाचा नारळ तिथेच जायचा म्हणून त्याचाही. मी मागे. बाबा खाडीला काहीतरी पुटपुटला. काय मागितलंस विचारलं.

“मागायचा न्हाय. नारल देयाचा न् मागं फिरायचा.”

भात पोटरीला येतंय. बाबाने एक ताट हातात धरून दाबून बघितलं, जसं गाईचं पोट बघतात.

संध्याकाळी पाऊस धरला.

३० ऑगस्ट, गुरु.

हात दुखतोय, तरी आजचं लिहितो.

काल दिवसभर पाऊस, रात्रभर पाऊस. वर उधाण. भरतीमुळे उघाडी बंद, आणि ओहोटीला उघडली तरी पाणी तिच्यापर्यंत पोचेना. पाइप तुंबला. उजाडल्यावर मी आणि वाडीतले दोघं बांबू घेऊन पाइपाशी. मी डोकं बुडवून हात घातला. लूमच्या चिंध्या. ओढतोय ओढतोय, लाल, निळ्या, संपतच नाहीत. पिशव्या, सुताचा लगदा. पाइप काही मोकळा झाला नाही.

परत आलो तर सोमी आमच्या पडवीत. कमरेपर्यंत भिजलेली. बाबाला म्हणाली, “मामा, पानी खाटंला लागला. म्हातारा उतरत न्हाय. बोलतो, माज्या दोस्ताला इचारा, मी थांबतो.”

सगळ्यांना कळत होतं काय करायचं. पाण्याला एकच वाट राहिलेली, बांध फोडायचा, ओहोट आहे तोवर. आणि बांधाला लागून आमचं शेत. आतलं पाणी निघून जाईल, पण दुपारच्या भरतीला खाडी त्याच वाटेने शेतात. खारं एकदा आत आलं की पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचा.

कोणी तोंड उघडलं नाही. सोमीने नाही, वाडीतल्या माणसांनी नाही. कुदळीही आणल्या नव्हत्या. आमच्याकडे रीत आहे, बांधावर पहिला घाव ज्याचं शेत त्याचा. दुसऱ्याने घातला तर ती चोरी. वाडी बुडाली असती, पण त्यांनी बांधाला हात लावला नसता.

मी कुदळ उचलली. बाबाला बांधावर चढवत नव्हतं, म्हटलं मीच घालतो.

“ठेव ती. तुजा घाव न्हाय चालायचा. आज पोरानं घातला तं उद्या कोनीबी घालल.”

आईने त्याला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. तो चढला. घाव घातला. फार खोल नाही गेला, दुसरा गेला. मग मागे सरून म्हणाला, हां. आणि वाडीतली सगळी माणसं तुटून पडली, हाताने, घमेल्याने, मिळेल त्याने. गुरं गोठ्यातून सुटावीत तसं पाणी निघालं. दुपारच्या आत लख्याकाकाच्या खाटेखालची वीट दिसायला लागली.

मग भरती. बाबा खांडीच्या कडेला बसून राहिला. आधी पाणी थबकलं, मग उलटं वाहायला लागलं, पाणी कमी पण फेस जास्त. सरीसरीत शिरलं. मी म्हटलं घरी चल.

म्हणाला, “बग, कसा सरल आला. वाटबी इचारली न्हाय.”

१ सप्टेंबर, शनि.

भाताचे शेंडे पिवळे. आई म्हणते पाऊस पडेल, खारं धुऊन जाईल. बाबा म्हणतो, हां. दोघांनाही माहीत आहे.

रोज दोन भरत्या. खांड रोज रुंद होतेय, कडा ढासळतायत. पहिल्या दिवशी मी उडी मारून ओलांडली होती. आज मारवली नाही.

२ सप्टेंबर, रवि.

लख्याकाका गेला. सकाळी. सोमी पेज द्यायला गेली तर.

मसणवटीत अजून गुडघाभर पाणी. माणसं उभी राहून एकमेकांकडे बघतायत. बाबा म्हणाला, माज्या बांधावर ठेवा. कोरडी जागा तेवढीच. लाकडं सगळी ओली, गोडाऊनच्या भय्या वॉचमनने तुटके पॅलेट दिले, “ले जाओ, कोई पूछेगा तो मैं बोल दूँगा.” त्यावर जाळलं. पॅलेटवर कुठल्यातरी कंपनीचा छाप होता, पेटेपर्यंत वाचत राहिलो. असल्या वेळी मला असलंच काहीतरी दिसतं.

सोमी म्हणाली, कोरड्यात गेला म्हातारा. तिने हे बाबाला सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही की त्याने दाखवलं नाही, कोण जाणे.

बाबा घरी येऊन झोपला. जेवला नाही. अंधार पडायच्या आत म्हणाला, “आता खांडीत माज्यासंग कोन उतरनार?” मी समोरच बसलो होतो. मला म्हणाला नाही.

३ सप्टेंबर, सोम.

उद्या अष्टमी, भांग. खाडीचा जोर सगळ्यात कमी असतो तेव्हा. खांड भरायची ती या दोन-तीन दिवसांत. नाहीतर पिठोरीच्या अवसेला उधाण येईल आणि मग ती खांड राहणार नाही, खाडीच होईल. शेत कायमचं जाईल आणि वाडीच्या दारात दर भरतीला पाणी. म्हणजे ज्यांच्यासाठी फोडला तेच बुडणार.

रीत अशी, ज्याचा बांध तो घराघरात जाऊन अंगणात उभा राहतो आणि सांगतो, भांग आलाय, एक माणूस. आत जायचं नाही, बसायचं नाही. घरटी एक माणूस येतो. बाबा आज गेला. मी बरोबर, त्याचा हात धरून.

प्रत्येक अंगणात नवीन फरशी. भांग आलाय, एक मानूस.

काका, आमची आता तिकडं जमीनच न्हाय. काका, उद्या दहीहंडी, पोरं नाक्यावर जानार. एकाने विचारलं, भांग म्हंजे? पंचविशीचा असेल. एकाने पुढच्या आठवड्यात जेसीबी बघतो म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात अवस. सगळे चांगलं बोलले. चहा घ्या म्हणाले. बाबा कुठेही बसला नाही.

शेवटच्या घरानंतर म्हणाला, तंबाकू दे. तो स्वतःची कधी विसरत नाही.

४ सप्टेंबर, मंगळ. अष्टमी

सकाळपासून बाबा, मी, आई, सोमी आणि वाडीतली सगळी. वाडीत कोणी अंगणात जाऊन सांगितलं नव्हतं. ज्यांचं शेत नाही तेच आले. बांबू ठोकले, मध्ये फांद्या, वर चिखल. चिखल वाहून जातो. फांद्या राहतात.

दुपारी मला धा. नाक्यावर धाडलं, गावातली निदान पाच-सहा पोरं घेऊन ये. गेलो. हंडीची गर्दी, डीजे, ट्रॅफिक बंद. थर लागत होते. बघत उभा राहिलो. आमच्या गावची पोरं तिसऱ्या थरात, एकमेकांच्या खांद्यावर, इतकी घट्ट. पाण्यात अशी उभी राहिली असती तर खांड तासाभरात

स्टेजवर दादा होता. फेटा, गळ्यात हार. पाहुण्यांच्या रांगेत. माझे पाय मांडीपर्यंत चिखलाचे. मला वाटलं त्याने पाहिलं, चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. मी मागे फिरलो. पोरांना हाक मारली नाही, आवाज पोचला नसता. खरं तर मारावीशी वाटली नाही.

घरी आल्यावर बाबाने माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं, बस.

५ सप्टेंबर, बुध.

बांधावर बसून लिहितोय. वही प्लास्टिकच्या पिशवीत कमरेला असते हल्ली.

काल घातलेलं अर्धं रात्रीच्या भरतीने नेलं. लख्याकाकाला जाळलं तिथली राख होती, ती पण. सोमी म्हणाली, बघ, म्हातारा उतरला खांडीत. हसली, मग हसली नाही.

माती कमी पडतेय. आसपास खणायला माती उरलीच नाही, सगळी भरावाखाली. शेतातून काढावी म्हटलं तर बाबा नको म्हणतो. शेत आता मेलेलं आहे तरी नको.

भांगाचा आजचा दिवस आणि फार तर उद्याचा. ट्रकवाल्याचा निरोप आलाय, शुक्रवारी निघतोय इंदूरला, येणार का. उत्तर दिलेलं नाही.

गोडाऊनच्या बाजूने आवाज येतोय. डंपर. इकडेच

डंपर बांधाच्या तोंडाशी येऊन थांबलाय. लाल माती, काठोकाठ. मागे अजून एक. ड्रायव्हरच्या शेजारी दादा. कालचा गुलाल अजून कानामागे. उतरला नाही, काच खाली करून नुसता बघतोय, आधी खांडीकडे, मग शेताकडे. तिथून दोन्हीत माती ओतता येते.

सगळे थांबलेत. सोमीच्या डोक्यावर घमेलं तसंच. आई माझ्याकडे बघतेय.

बाबा फावड्यावर टेकून उभा आहे. आत्ता म्हणाला, “जा, दादाला इचार. खांडीत टाकनार का शेतात.”

‘दादा’ म्हणाला. ‘मातीवाला’ नाही.

जातो.