मोबाइलवरचा रेडिओ मागून येतो

माय,

मी इकडं गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. याआधी हैदराबादले होतो, त्याआधी पुण्यात. एका जागी बूड टेकत नाही माझं, तुले माहीतच आहे. बाकी पोरं कानात गाणी घालून काम करतात, मी मोबाइलवर आपलं यवतमाळचं स्टेशन लावतो. अ‍ॅपवर सगळं मिळतं. एरियल फिरवायचा नाही, खोक्याले थापड मारायची नाही. कापसाचे भाव, वणीकडचं हवामान, सगळं साफ ऐकू येतं. त्या भावाचं मले आता काही काम नाही, तरी ऐकतो.

तुझा रेडिओचा सेट तुझ्यासंगं कापूस वेचणीले यायचा. कमरेच्या ओटीत खाली रेडिओ, वरून कापूस. तुझ्या बाजूची ओळ धरायले बाया भांडायच्या. ओटी भरत आली की आवाज दबायचा, मग कोणीतरी म्हणायची, "इतका नको वेचू वं, गाणं बुडालं." एक दिवस तू ओटी गाठोड्यात उलटी केली तीच रेडिओसकट. मुकादमानं गाठोडं वजनकाट्याले टांगलं आणि आतून बातम्या सुरू झाल्या. तो म्हणे, "काय वं, कापूस बोलून राह्यला तुझा?" तू म्हणाली, "तुमच्या काट्याची तक्रार सांगून राह्यला, ऐका." मी ते गावभर सांगत फिरलो तर संध्याकाळी चुलीपुढं बसून मलेच बोलली, "शाळेतलं एक अक्षर सांगत नाही, हे बरं पाठ झालं." शाळा सातवीतच सुटली, तू गेली त्याच साली. तेव्हा मी रडलो नव्हतो. बाया म्हणत होत्या, पोट्ट्याले रडवा, नाहीतर आत राहील. राह्यलं असंल.

सेट अजून बाबाजवळ आहे, त्याच्यावरही हेच स्टेशन लागलेलं असतं. रविवारी मी जुन्या मोबाइलवरून बाबाले फोन लावतो, तेव्हा दुसऱ्यावर स्टेशन चालू असतं. मोबाइलवरचा रेडिओ मागून येतो. बाबाच्या घरात जे गाणं संपून जातं ते इथं थोड्या वेळानं संपतं. मागच्या महिन्यात असंच बोलत होतो, तर बाबाच्या मागून एका बाईचा आवाज आला, "आवाज कमी करा नं, पोट्टा बोलून राह्यला." मले वाटलं रेडिओवर नाटक लागलं. तेच वाक्य माझ्या मोबाइलवर येईल म्हणून मी कान देऊन थांबलो. गाणं आलं, जाहिरात आली. ते वाक्य आलंच नाही. ती बाई आपल्या घरात होती.

"कोण आहे?" मी विचारलं. बाबानं रेडिओचा आवाज कमी केला. मग म्हणे, "उमरखेडकडची आहे. नवरा वारला तिचा. तिच्यासंगं पाट लावून दुसरा संसार करू म्हणतो, तू म्हणशीन तं."

"मी नाही म्हटलं तं?"

"तं नाही."

"अन् लोकं?"

"लोकं काय भाकर थापून देतात का मले?" मग हळूच म्हणे, "घरात कोणी बोलत नाही रे. रेडिओच बोलते, त्याले काय जवाब देऊ."

सांगतो म्हणून मी फोन ठेवला आणि पाळीवर गेलो. मले राग यायले पाहिजे होता. खोक्यांवर पट्टी मारत राह्यलो, वाट पाह्यली, आला नाही. वाईटही वाटलं नाही. तुझा आवाज आठवून पाह्यला. मुकादमाले तू काय म्हणाली ते शब्द येतात, आवाज येत नाही. स्टेशनवरच्या सगळ्या बाया मी नुसत्या खोकल्यावरून ओळखतो. मग वाटलं तुलेच विचारावं, तू काय म्हणशीन, म्हणून आज हे लिहायले बसलो. खोलीतला पोरगा विचारत होता, या जमान्यात कागदावर कोणाले लिहून राह्यला. म्हटलं, घरी.

पण खरं सांगतो माय, आता विचारून काही उपयोग नाही. परवा फोन लावला तर त्या बाईनंच उचलला. काय बोलावं तिलेही सुचलं नसंल. "जेवला का?" म्हणे. जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो. मग म्हटलं, बाबाले सांगा, माझ्याकडून हो आहे.