लाल चाफ्याला पांढरी फुलं

४ मार्च २००१
श्वेता बाळंतपणासाठी मुरबाडला माहेरी गेली. दारातला लाल चाफा माझ्यावर सोपवला. तिच्या वडिलांनी वारण्याआधी स्वतः बांधलेलं कलम. निघताना तिचं पुन्हा तेच, खालची फूट काढत जा. मी हो म्हटलं. काढणार नाही. इतकी जोमदार वाढलीय, तोडायला मी काय कसाई आहे? झाडांतलं मला कळतं. शहापुरात विज्ञान शिकवतो.

१७ एप्रिल, सकाळ
लाल चाफ्याला पांढरी फुलं. खालच्या फुटीवर.
चष्मा पुसून पाहिलं. पांढरीच. घाबरलो नाही. आत येऊन दार लावलं, इतकंच. शेजारच्या धोंडीबाई म्हणाल्या, आसं कदी बगलं नाय, बायकोला सांबाळा. विज्ञाननिष्ठ माणसाने असल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये. दाराची कडी पुन्हा तपासली.

१९ एप्रिल
मेव्हण्याचा, अनिकेतचा, शाळेत फोन. श्वेताचं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. फुलांचा याच्याशी काही संबंध नाही. घरात मागच्या दाराने शिरलो.

२६ एप्रिल
वरची लाल फांदी मलूल. पानं गळतायत. तिच्याकडे पाहिलं की श्वेताच दिसते. फार भीती वाटते. उद्या शास्त्रीय उपाय करायचा. रोगट भाग काढायचा.

२७ एप्रिल
फांदी कापली. चीक बराच आला. करवत बोथट होती. फांदी पडवीत टाकली.

१२ मे
मुलगी झाली. दोघी सुखरूप. रडलो. शास्त्रीय उपाय लागू पडला.
श्वेताने फोनवर विचारलं, बाबांच्या चाफ्याला फुलं आली? भरपूर, म्हटलं. खोटं नाही.

२० जून
नववीला कलमाचा धडा. फळ्यावर आकृती काढली. खाली देशी रोप, वर बांधलेली फांदी, मध्ये गाठ. गाठीखालून फुटेल ते देशीच, असं सांगता सांगता खडू थांबला. आमच्या चाफ्याच्या खाली देशी पांढरा असणार. आणि मी कापली ती गाठीवरची. मुलांना मनात वाचा म्हटलं. आकृती पुसून टाकली.

८ जुलै, सकाळ
श्वेता आज येतेय. फांदी तिच्या नजरेला पडायला नको. बंबात घातली. बाळासाठी पाणीही तापलं.

८ जुलै, संध्याकाळ
आल्या आल्या बाळाला आंघोळ घातली. मग श्वेता चाफ्यापाशी गेली. म्हणाली, गाठीच्या वर होते तेवढेच बाबा.
डोळे पुसले. विचारलं, फांदी कुठंय? चाफ्याची फांदी किती दिवस पडली तरी मातीत खोचली की जगते.
बाळाला घातलं ते पाणी त्या फांदीवरच तापवलं, असं मी सांगितलं.