हिरो मशीन न्हवता

झिशानचे अब्बा,

जुम्म्याची नमाज पढून तुम्ही घरी याल, तवर मी राधानगरीच्या एसटीत बसल्याली असंन. रस्सा पातेल्यात झाकून ठेवलाय, भाकरी डब्यात हायत. गरम करून खावा आणि बीपीची गोळी चुकवू नका.

काल टीव्हीवरच्या त्या सिनेमावरनं आपण जेवण होईपर्यंत भांडलो. हिरो माणूस हाय का मशीन, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं न्हाय. तुम्ही म्हणत हुता, मशीनच हाय. पोटचं पोरगं दारात हाका मारतंय आणि ह्यो आत कडीवर हात ठेवून गप उभा, माणसाला हे जमायचं न्हाय.

ह्याचं उत्तर मला आज भाकरी थापताना सुचलं. बटण दाबलं की मशीन दार उघडतंय. एवढा राग धरून दार बंद ठेवायचं फक्त माणसालाच जमतंय.

ईदला आपलं दार कोण वाजवत हुतं, ते मलाबी कळलं हुतं. मी उठाय लागले, तर तुम्ही डोळ्यानंच बसवलंत. शिरोलीच्या कारखान्यातली नोकरी सोडून पोरगं राधानगरीला सासऱ्याचा गोठा सांभाळायला गेलं, घरजावई झालं, एवढाच त्याचा गुन्हा की.

आज मी तुम्हाला विचारलं न्हाय. सांजच्याला त्याला आणि नातीला घेऊन येतीय. माझी किल्ली खुंटीलाच हाय, मुद्दाम नेली न्हाय. दार झिशानच वाजवंल. कडी तुम्हालाच काढायला लागंल.

जरीना