आपलाच माणूस

३ मार्च
आजपासून बंदरावर पहारेकरी. धक्क्याला लागूनच क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आणि वर चक्क गॅलरी. बायको खूश, मुलगी जहाजांवरून नजर काढत नाही. पाण्यातून कुणी भलता आत घुसू नये, म्हणून लोखंडी शिडीपाशी उभं राहायचं आणि वर येणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं. येतात ते जहाजांचे तळ तपासणारे पाणबुडे. माझ्या वरिष्ठांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी लगेच शहाणं केलं, की ओल्या हातांनी ओळखपत्र कोण काढत बसणार? 'कोण?' विचारायचं, खालून 'आपलाच' आलं की सोडायचं.

११ मार्च
माणसं कमी, म्हणून डबल ड्यूटी. पाय सुजलेत. घरी जेवता जेवता पेंगतो. बाबा खेळतच नाहीत, अशी मुलीने आईकडे तक्रार केली आहे. खरं आहे तिचं.

१९ मार्च
सकाळी दाट धुकं. शिडी वाजली. डोळे मिटूनच 'कोण?' विचारलं. 'आपलाच.' ये म्हणालो. दुपारी पाणबुड्यांचा मुकादम सांगत होता, धुक्यामुळे आज कुणी पाण्यात उतरलंच नाही. घाबरून मामांना गाठलं. त्यांनी कॅमेरा पाहिला आणि पोट धरून हसले. शिडीवरून वर येणारा मीच होतो. झोपेत पोहायला गेला होतास काय, म्हणाले.
मी पाण्यात उतरलो नव्हतो.

२३ मार्च
कँटीनवाला म्हणाला, आत्ताच तर चहा घेऊन गेलात, आज अगदी ताजेतवाने दिसत होता. मी दिवसभर शिडीपाशीच. घरी बायको म्हणाली, दुपारी आलात, मुलीशी मनसोक्त खेळलात, बरं वाटलं.
तिला सगळं सांगितलं, शपथ घातली. दाराबाहेरून कुणी 'आपलाच' म्हणालं तर कडी काढायची नाही. आवाज माझा असला तरी.

२५ मार्च
सुट्टी मिळाली नाही. डोळ्याला डोळा नाही. संध्याकाळी कसाबसा घरी— दार वाजवलं. तिने विचारलं, कोण. जिभेला वळणच पडलेलं. 'आपलाच' निघून गेलं तोंडातून.
कडी निघाली नाही.

पायरीवर बसून लिहितोय. हाका मारून घसा बसला. आत ताटं वाजताहेत. बायको हसतेय, किती दिवसांनी—

मुलगी दाराशी आलीय. आतूनच विचारतेय, काका, तुम्ही कोण? बाबा तर आत जेवताहेत.
अगं बाळा, मी—